कार्ड आहे, लॉगबुक कोरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि पगारी कप्तान न ठेवता ती स्वतः चालवायची, याला बेअरबोट चार्टर म्हणतात. अशा सुट्टीची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. परवान्याबद्दल मात्र एवढेच सांगितले जाते की पाच दिवसांचा कोर्स करा, कार्ड मिळवा आणि निघा. कार्ड लागतेच. पण ते पाहून झाले की बोट ताब्यात देणारी कंपनी विचारते: याआधी कोणत्या लांबीची बोट चालवली, कधी, किती सागरी मैल, आणि त्यांतले स्किपर, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून किती? याचे उत्तर लॉगबुकात, म्हणजे केलेल्या प्रवासांच्या नोंदवहीत, असते. अनेक जण कोर्स संपला की लॉगबुक लिहिणे सोडून देतात. तीन-चार वर्षांनी कार्डाची मुदत शिल्लक असते, पण दाखवायला अनुभव नसतो. हे सहज टाळता येण्यासारखे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी देश ठरवावा, परवाना नंतर. जगभर चालेल असा एकच परवाना नाही. त्यातल्या त्यात जास्त ठिकाणी चालणारा म्हणजे इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स, ज्याला सगळे आयसीसी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा १९९८ सालचा ४० क्रमांकाचा ठराव हा त्याचा आधार. ज्या देशांनी तो स्वीकारला ते आपल्या नागरिकांना आणि रहिवाशांना हे प्रमाणपत्र देतात. ब्रिटनमध्ये ते काम रॉयल यॉटिंग असोसिएशन, म्हणजे आरवायए, पाहते. इथेच मेख आहे. कोर्स कोणत्याही देशाच्या नागरिकाला करता येतो, आयसीसी मात्र नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या अटींत बसणाऱ्यालाच मिळते. आपण त्या अटींत बसतो का, हे कोर्सचे पैसे भरण्याआधी देणाऱ्या संस्थेला लेखी विचारावे. बसत नसल्यास कोर्सचे मूळ प्रमाणपत्र ज्या देशात जायचे तिथे चालते का ते पाहावे.

क्रोएशियाचे सागरी मंत्रालय मान्य परवान्यांची देशवार यादी प्रसिद्ध करते. यादीत नसलेले कार्ड कितीही नामांकित शाळेचे असले तरी तिथल्या बंदर कार्यालयात उपयोगाचे नाही. शिवाय व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरून बोलण्याचा बिनतारी संच, चालवण्याचे प्रमाणपत्र वेगळे मागतात. ग्रीसमध्ये स्किपरचा परवाना लागतोच, सोबत बोट हाताळू शकणारी दुसरी व्यक्ती लागते आणि तिच्याकडून तसे लेखी घेतले जाते. चार मित्रांत एकालाच शीड कळते, अशी टोळी तिथे अडकते. फ्रान्समध्ये समुद्रावर शिडाची बोट चालवायला सरकारी परवाना लागत नाही. तिथला परवाना ४.५ किलोवॉटपेक्षा जास्त ताकदीच्या मोटरबोटींसाठी आहे. ब्रिटिश व्हर्जिन बेटांत कंपन्यांचा भर अनुभवाच्या तपशिलावर असतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिटसंडे बेटांत बेअरबोटला परवाना लागत नाही, त्याऐवजी निघण्याआधी काही तासांचे कसून मार्गदर्शन होते.

परवाना लागत नाही तिथे बोट कुणालाही मिळते असे समजू नये. अशा ठिकाणी लॉगबुकाचे वजन उलट वाढते. कंपनीचा माणूस बोटीवर येऊन तास-दोन तास पाहतो, आणि त्याचे समाधान झाले नाही तर पहिले काही दिवस कंपनीचा स्किपर सोबत घ्यावा लागतो, आपल्या खर्चाने.

आता शिक्षण. आरवायएच्या पद्धतीत काँपिटंट क्रू हा पाच दिवसांचा पहिला कोर्स, नंतर डे स्किपरची थिअरी सुमारे ४० तास, मग डे स्किपर प्रात्यक्षिक पुन्हा पाच दिवस. प्रात्यक्षिकाला येणाऱ्याकडे आधीचे ५ दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास असावेत अशी अपेक्षा असते. डे स्किपर प्रात्यक्षिकाचे प्रमाणपत्र आयसीसीसाठी पुरावा म्हणून धरले जाते, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकन सेलिंग असोसिएशनकडे १०१, १०३ आणि १०४ अशी चढती पायरी आहे. १०४ म्हणजे बेअरबोट क्रूझिंग.

थिअरी प्रात्यक्षिकाच्या निदान महिनाभर आधी संपवावी, असे माझे ठाम मत आहे. भरती-ओहोटीचे गणित आणि नकाशावरचे कोन बोटीवर बसून शिकणाऱ्याचे डोळे सगळा वेळ कागदावर असतात, आणि ज्या पाच दिवसांत हाताला सवय लागायची ते तसेच निघून जातात.

कार्डावर काय लिहिले आहे तेही नीट वाचावे. शीड की मोटर, किनारी पाणी की अंतर्गत जलमार्ग, हे आयसीसीवर वेगवेगळे नोंदलेले असते. युरोपातल्या नद्या-कालव्यांसाठी सेव्हनी या नियमावलीची वेगळी चाचणी द्यावी लागते. आरवायएच्या डे स्किपर प्रमाणपत्रावर भरती-ओहोटीच्या पाण्यात शिकलात की तशी नसलेल्या, हेही असते. जर्मनीच्या एसबीएफ झे या परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा तर इंजिनावर होते. म्हणजे एकदाही शीड न उभारलेला माणूस वैध कार्ड घेऊन शिडाच्या बोटीवर उभा राहू शकतो. कायद्याला ते चालेल. बारा-चौदा मीटरची बोट आणि तिच्यावरची सहा माणसे धोक्यात येतील.

परीक्षेत आणि नंतर चार्टरवर माणसे चुकतात ती बहुतेक बंदरात, शीड उतरवल्यानंतर. इंजिन सुरू केले की पहिली नजर एक्झॉस्टकडे गेली पाहिजे. तिथून थंड करणारे पाणी धापा टाकत बाहेर पडायला हवे. अर्ध्या मिनिटात पाणी दिसले नाही तर इंजिन बंद करून समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा आहे का आणि गाळणीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकले आहे का ते पाहावे. तसेच चालू ठेवले तर पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरून फाटतो. सुटे इम्पेलर बोटीवर कुठे ठेवले आहे, हे बोट ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे.

रिव्हर्स घेतल्यावर बोट सरळ मागे जाईल, अशी गाडी चालवणाऱ्याची अपेक्षा असते. बोट तसे करत नाही. पंख्याच्या फिरण्यामुळे मागचे टोक आधी एका बाजूला सरकते. उजव्या फिरकीच्या पंख्याला रिव्हर्समध्ये ते डावीकडे जाते. आपल्या बोटीचे वळण कोणते, हे धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच कळते. हलका रिव्हर्स घालून फेसाळ पाणी कोणत्या बाजूने बाहेर येते ते पाहायचे. मागचे टोक त्याच्या विरुद्ध बाजूला सरकणार. आणि सुकाण्यावरून पाणी वाहू लागेपर्यंत सुकाणू काहीच करत नाही. भीतीने वेग इतका कमी ठेवतात की बोट हाताखाली उरतच नाही आणि वारा पुढचे टोक फिरवून टाकतो.

भूमध्य समुद्रात बोट मागच्या टोकाने धक्क्याला लावतात आणि पुढे नांगर टाकतात. युरोपाच्या उत्तरेकडच्या बंदरांत शिकलेल्यांनी हे अनेकदा केलेलेच नसते. नांगर धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर टाकायचा आणि मागे येताना साखळी मोकळी सोडत राहायची. साखळी सोडणारा मध्येच थांबला तर पुढचे टोक तिथेच खिळते आणि बोट आडवी होऊन शेजारच्या बोटीवर जाते. म्हणून सुकाणूच्या चाकावरच्या आणि साखळीवरच्या माणसांत हातांच्या खुणा आधीच ठरलेल्या असाव्यात. इंजिनाच्या आवाजात ओरडलेले ऐकू येत नाही. जिथे तळाशी बांधलेले तयार दोर असतात तिथे धोका वेगळा: दोर ओढून घेताना इंजिन न्यूट्रलला नसेल तर तो थेट पंख्यात जातो, आणि सुट्टीचा एक दिवस पाणबुड्याची वाट पाहण्यात जातो.

मोकळ्या खाडीत नांगर टाकताना साखळीचा हिशोब पाण्याच्या खोलीत पुढच्या टोकाची उंची मिळवून करायचा. खोली ५ मीटर आणि टोक पाण्यापासून १ मीटर वर, तर ६ मीटर. त्याची चौपट म्हणजे २४ मीटर किमान, वारा असेल तर ३० किंवा त्याहून जास्त. भरती येणार असेल तर ती खोलीत आधी मिळवायची. मग हळूहळू रिव्हर्सचा जोर वाढवून नांगर रुतवायचा आणि किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा धरून बोट सरकत नाही ना ते पाहायचे. पाहणे सोडाच, रुतवणेही अनेक जण टाळतात. दिवसा चालून जाते. रात्री वारा फिरला की नांगर घसरतो.

माणूस पाण्यात पडल्यावरची कृती परीक्षेत हमखास येते. हाक द्यायची, तरंगणारे काही फेकायचे, जीपीएसवरचे ती जागा नोंदवणारे बटण दाबायचे आणि एकाने फक्त हाताच्या बोटाने पाण्यातल्या माणसाकडे दाखवत राहायचे. हा बोट दाखवणारा दोर सोडवायला धावला की पाण्यातले डोके लाटांत हरवते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारे सगळे दोर वर घ्यायचे. माणसाच्या जवळ पोचण्याआधी न्यूट्रल.

शीड कमी करण्याबद्दल एवढेच सांगतो की वारा मागून असताना निर्णय चुकतो. खरा वारा १८ नॉट (म्हणजे तासाला १८ सागरी मैल), बोटीचा वेग ६, तर अंगावर १२ नॉटच जाणवतो आणि सगळे खुशीत असतात. तीच बोट वाऱ्याकडे वळवली की जाणवणारा वारा २२ च्या पुढे जातो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे शिडावर तिपटीहून जास्त ताण येतो. वळण्याआधी रीफ घ्यावी, म्हणजे शीड दुमडून लहान करावे.

टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सगळ्यांना अर्धवट पाठ असतात. शीड उभे आहे पण इंजिन गियरमध्ये आहे, तर कायद्याने ती मोटरबोट. दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू लावायचा आणि शिडाच्या बोटीचा अग्रहक्क विसरायचा. बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचेही तसेच. समुद्रातून बंदरात शिरताना युरोपात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, अमेरिका खंडात उजव्या. कॅरिबियनमध्ये शिकून ग्रीसला जाणाऱ्याने आणि उलट जाणाऱ्यानेही हे नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.

रेडिओचे प्रमाणपत्र लोक औपचारिकता म्हणून उरकतात, याचे मला फार वाईट वाटते. शॉर्ट रेंज सर्टिफिकेट हा छोटा अभ्यासक्रम आहे आणि संकटात बोटीवरची सर्वांत उपयोगी वस्तू तो हातात देतो. रेडिओच्या सेटवरचे झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले की चॅनल ७० वरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि जागा जाते. मग चॅनल १६ वर बोलायचे. मेडे ही संकटाची हाक तीनदा, बोटीचे नाव तीनदा, ओळख क्रमांक, जागा, काय झाले, कोणती मदत हवी, किती माणसे. जागा आधी सांगायची, कारण संपर्क तुटला तरी शोध सुरू होऊ शकतो. बटण चुकून दाबले गेले तर सेट बंद करून गप्प बसू नये. चॅनल १६ वर इशारा रद्द झाल्याचे सांगावे, नाहीतर शोधपथक निघते. दोन कागदांत गोंधळही फार होतो. बोटीवरच्या सेटचा परवाना कंपनीकडे असतो, त्यावर बोलण्याचा परवाना माणसाचा असतो. बंदरात मागतात तो दुसरा.

आता परवाना टिकवण्याविषयी. आरवायएकडून मिळालेल्या आयसीसीची मुदत पाच वर्षे. यूएस सेलिंग या अमेरिकी संस्थेच्या इंटरनॅशनल प्रोफिशिएन्सी सर्टिफिकेटचीही पाच. डे स्किपर प्रमाणपत्राला मुदत नाही, ब्रिटनच्या रेडिओ प्रमाणपत्रालाही नाही, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राला तीन वर्षांची आहे. म्हणजे एकाच पाकिटात वेगवेगळ्या तारखांचे कागद असतात. चार्टरच्या शेवटच्या दिवशी ते सगळे वैध असायला हवेत. मुदत पहिल्या दिवसाशी ताडून उपयोग नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी काही महिने करावा. कार्डावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळावे, कारण बंदरात देण्याच्या प्रवासी यादीत दोन्ही शेजारी ठेवून पाहतात. मूळ कार्ड सोबत हवे, मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

लॉगबुक असे लिहावे: तारीख, बोटीचे नाव, प्रकार आणि लांबी, कुठून कुठे, सागरी मैल, रात्रीचे तास, वाऱ्याचा सर्वाधिक जोर ब्युफोर्ट या वाऱ्याच्या मापात, भरती-ओहोटीचे पाणी होते की नाही, आणि आपली भूमिका: स्किपर, मेट (स्किपरचा सहायक) की खलाशी. दुसऱ्याच्या बोटीवर असाल तर उतरण्याआधी त्याची सही घ्यावी. घरी गेल्यावर सही मागणे लांबत जाते आणि राहून जाते. स्वतः चार्टर केली असेल तर करार आणि प्रवासी यादीची प्रत त्याच पानाला जोडावी, तोच पुरावा. एकाच दिवशी दोन मित्रांनी स्किपर म्हणून नोंद करू नये. परीक्षक दोन लॉगबुके शेजारी ठेवून पाहू शकतो, आणि तसे नसले तरी ती नोंद खोटीच असते.

ज्यांना पुढे मोठी बोट किंवा अवघड पाणी हवे आहे त्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ओळखावी. दरवर्षीच्या सुट्टीच्या चार्टरमधून मैल वाढतात, पण काही रकाने रिकामेच राहतात. अनेक चार्टर करारांत सूर्यास्तानंतर बोट चालवायला मनाई असते, म्हणून रात्रीचे तास शून्य. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नगण्य, म्हणून तो रकानाही कोरा. दिवसाला पंधरा-वीस मैलांच्या टप्प्यांत लांब पल्ला होत नाही. आरवायएच्या वरच्या पायरीच्या यॉटमास्टर कोस्टल परीक्षेला ३० दिवस, ८०० मैल, रात्रीचे १२ तास आणि स्किपर म्हणून २ दिवस मागतात. यॉटमास्टर ऑफशोअरला ५० दिवस, २५०० मैल आणि ६० मैलांपेक्षा लांब असे ५ प्रवास, त्यांत रात्रभर चाललेलेही. दहा वर्षे बेटाबेटांवर फिरूनही हे आकडे भरत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी एखादी बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याच्या प्रवासात किंवा नौकानयन शाळेच्या भरती-ओहोटीच्या पाण्यातल्या सफरीत खलाशी म्हणून जावे. स्किपर म्हणजे आपला तांडेल, तोही आधी खलाशी असतोच. कमीपणा मानायचे कारण नाही.

हातही विसरतात. वर्षातून एकदाच बोटीवर चढणाऱ्याने चार्टरच्या आदल्या दिवशी किंवा पहिल्या सकाळी, वारा कमी असताना, रिकाम्या धक्क्यावर बोट आणून लावण्याचा सराव दहा-बारा वेळा करावा. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, घेणार असाल तर हे अधिकच गरजेचे, कारण दोन इंजिनांवर वळण्याची रीत निराळी आणि वारा धरणारी बाजू मोठी. एकाच सांगाड्याच्या बोटीवरचे मैल पाहून कंपनी कॅटामरान देईलच असे नाही.

विम्याचे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. अनामत रक्कम किंवा तिचा विमा साध्या नुकसानीसाठी असतो. परवान्यात न बसणारी बोट चालवली, मनाई असताना रात्री निघाले किंवा घोर निष्काळजीपणा झाला, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. मित्रांनी खर्च वाटून घेणे वेगळे आणि पैसे घेऊन पाहुणे नेणे वेगळे. दुसरे झाले की तो व्यवसाय ठरतो आणि सुट्टीचा परवाना त्याला चालत नाही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की सागरी सुट्टीचा मजकूर छापताना शेवटी दोन ओळींची चौकट द्यावी: त्या देशात स्किपरचा कोणता परवाना चालतो, रेडिओचे प्रमाणपत्र वेगळे लागते का, दुसरी जाणकार व्यक्ती लागते का, आणि ही माहिती कोणत्या महिन्यात तपासली. महिना आवर्जून छापावा. मान्य परवान्यांच्या याद्या बदलत असतात, आणि वाचक जुने कात्रण जपून ठेवतात.

आपला,
एक नौकानयन प्रशिक्षक